दुसरा ब्रेक

सिग्नलच्या अलीकडे एक ट्रक मागे येत होता. मागे येताना कुठलाही ट्रक करतो तसं तोही टूं टूं टूं करत होता. त्यात नवल काहीच नव्हतं. माझं अर्धं आयुष्य असल्या ट्रकांना वाट करून देण्यात गेलंय. पण त्या आवाजासरशी माझा उजवा पाय आपसूक गाडीच्या तळाला गच्च दाबला गेला आणि त्याच क्षणी मला पान्हा फुटला. हा शब्द मी आजवर पुस्तकात वाचला होता, तोही कुठल्यातरी गाईबद्दल. प्रत्यक्षात छातीत बारीक सुया टोचल्यासारखं होतं आणि मग शर्टावर दोन ओले डाग पसरायला लागतात, शेजारी कोण बसलंय, गाडी कुठे उभी आहे, कशाचीही पर्वा न करता. "थांब! ट्रक दिसत नाही का?" मी नवऱ्यावर ओरडले. "थांबलोय," तो म्हणाला. खरंच थांबला होता. गाडी केव्हाची उभी होती, हँडब्रेकसुद्धा ओढलेला होता. मांडीवर थंड पिशवी होती, तिच्यात सकाळी काढलेल्या दुधाच्या बाटल्या. ती छातीशी धरून मी डाग झाकले आणि समोर बघत बसले. मूल तिकडे काचेच्या पेटीत आणि दूध इकडे सिग्नलवर. सगळाच उलटा कारभार.

तो आवाज ट्रकचा असला तरी सूर मशीनचा होता. शेंगच्या उशाशी एक मशीन आहे. तिच्या पावलाला लाल दिव्याची एक वायर गुंडाळलेली असते आणि तिच्या रक्तात श्वास किती पोचतोय त्याचा आकडा त्या मशीनवर दिसतो. आकडा घसरला की टूं टूं सुरू. शेंग म्हणजे आमची मुलगी. ती वेळेच्या फार आधी आली. पहिल्यांदा काचेतून बघितली तेव्हा हा म्हणाला, "अगं, ही तर शेंगेएवढी आहे," आणि रडायला लागला, आणि नाव तेच चिकटलं. आता ती शेंगेएवढी राहिलेली नाही, चांगली मुठीत न मावणारी झालीय, स्वतःचा श्वास स्वतः घेते, पण नाव काही सुटत नाही. "शर्ट बदलायला हवा," हा म्हणाला. "आईला फोन करून सांग, येताना आणायला. आणि तू पुढे बघून चालव," मी म्हटलं. "हो बाई," तो म्हणाला.

हा मला बाई म्हणतो कारण लग्नाआधी तो माझा विद्यार्थी होता. मी गाडी शिकवते. माझ्या गाडीवर शिकाऊची पाटी असते आणि माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, म्हणजे शिकणारा घाबरला, झोपला किंवा प्रेमात पडला तरी गाडी थांबवता यावी. हा तिन्ही करायचा. लोकांना वाटतं, बाजूला बसून शिकवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. बसून बघा म्हणावं एकदा! स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, जीव आपला. नवे शिकवणारे लागले की त्यांना मीच तयार करते, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच गोष्ट सांगते: पाय ब्रेकवर ठेवायचा नाही, ब्रेकच्या शेजारी ठेवायचा. तुम्ही दर वेळी आधीच दाबलात तर गाडी दर वेळी थांबेल आणि शिकणाऱ्याला वाटेल, गाडी आपोआप थांबते. मग परीक्षेच्या दिवशी तुम्ही बाजूला नसणार आणि तो जाणार थेट भिंतीत. हे मी इतक्या जणांना सांगितलंय की झोपेतही सांगू शकेन. सध्या मात्र पोटाचे टाके ताजे आहेत, गाडी चालवायची नाही अशी ताकीद आहे, म्हणून रोज याच्या शेजारी बसते. या गाडीत दुसरा ब्रेक नाही. तरी माझा पाय दाबतो तो दाबतोच, आणि याला ते दिसतं, आणि हा बिचारा काही बोलत नाही.

रस्ताभर माझ्या डोक्यात कालचं घोळत होतं. काल डॉक्टरीणबाई राउंडला आल्या, शेंगच्या पोटावर दोन बोटं ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाळ आता चोखायला तयार आहे. नाकातली नळी फार दिवस ठेवायची नाही. अंगावर जमत नसेल तर उद्या संध्याकाळपासून आपण बाटली सुरू करू. लवकर घरी जाता येईल." बाई चांगल्या आहेत. खेकसल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. लवकर घरी! कोणाला नकोय घर? पाळणा आणून ठेवलाय, याने त्याचे चारही पाय घट्ट केलेत, रात्री उठून पुन्हा तपासतो. आणि बाटलीशी माझं काही वैर नाही. बाटलीत दूध माझंच असणार, हे मलाही कळतं. पण मला एकदा, फक्त एकदा, माझ्याकडून तिच्याकडे असं सरळ जायला हवं होतं. मध्ये नळी नको, पिचकारी नको, बाटली नको, फ्रीज नको. आणि एकदा बाटलीची सवय लागली की ती माझ्याकडे वळेलच याची खात्री कोणी देईना. म्हणून मी ठरवलं होतं, आज जमवायचं. जमवायचंच. आजपर्यंत भल्याभल्यांना मी चढावर गाडी उभी करायला शिकवलंय, माझ्या पोटच्या पोरीला मला घेता येऊ नये म्हणजे काय!

आत जायचं म्हणजे आधी हात धुवायचे, कोपरापर्यंत, नखांच्या आतून, अंगठ्या काढून. सगळ्या आया त्या जागेला नुसतं 'आत' म्हणतात. "आत कसं आहे?" "आत आज गर्दी आहे." विभागाचं लांबलचक नाव दारावर रंगवलंय, ते कोणी उच्चारत नाही. आणि आत आम्हाला कोणालाच नाव नसतं. सिस्टरने "आई" अशी हाक मारली की चार माना वळतात. आतली हवा कोमट, पडदे ओढलेले, लोक चप्पल काढून बोलल्यासारखे हळू बोलतात. आणि सगळीकडून टूं टूं. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, इथे सतत कोणीतरी मरतंय. मग कळलं की बहुतेक वेळा नुसतं बाळाने पाय झाडलेला असतो आणि वायर सुटलेली असते. कळलं, पण ते डोक्याला. पायाला नाही कळलं. पाय अजून दाबतो.

आज घड्याळवाली सिस्टर होती. तिच्या छातीवर पिनेने उलटं घड्याळ लावलेलं असतं, म्हणून हे नाव. आम्ही आयांनी ठेवलेलं. "आई, या, बाळ उठलंय, तुमचीच वाट बघतंय," ती म्हणाली. हे ती सगळ्यांना म्हणते, तरी बरं वाटतं. पेटीशेजारी ती मोठी खुर्ची, पायाखाली लाकडी चौरंगासारखं एक पायठाण, पाय टेकायला. तिने वायरींसकट शेंगला उचललं आणि माझ्या उघड्या छातीवर आणून ठेवलं, वरून दोघींवर चादर. त्या वजनाला वजन म्हणायचं की नाही कोण जाणे, पण ते आलं की माझा जीव खाली बसतो. "आधी नाक समोर येऊ द्या. तोंड मोठं उघडलं की मग जवळ घ्या. घाई नाही." शेंगने डोकं इकडेतिकडे घासलं, तोंड उघडलं, आणि धरलं. गच्च धरलं! एवढ्याशा जिवात एवढी ओढ कुठून येते? चोखलं, चोखलं, चोखलं, गिळलं. गिळल्याचा बारीकसा टिक् असा आवाज मी ऐकला. मग हनुवटी थांबली. मी मान वळवून मशीनकडे बघितलं. आकडा घसरत होता. टूं. मी तिच्या ओठाच्या कोपऱ्यात बोट घालून तिला सोडवलं, आडवी धरली, पाठ चोळली. आकडा चढला. पुन्हा लावली. पुन्हा टूं, पुन्हा बोट. आणखी एकदा तेच. त्यानंतर तिने तोंड उघडलं नाही. दमून झोपून गेली, ओठाला माझ्या दुधाचा एक थेंब, पाठीशी नळी आहेच.

असं का होतं ते मला माहीत नव्हतं असं नाही. पहिल्यांदा छातीला लावली होती तेव्हा ती निळी पडली होती. ओठ आधी फिक्कट, मग राखाडी, मग तो रंग, ज्याला मी आता कपड्यातसुद्धा बघू शकत नाही. मशीन केकाटत होतं आणि मी खुळ्यासारखी तिच्याकडे बघत बसले होते, कारण मला वाटलं ती शांत झोपलीय. सिस्टरने झडप घालून माझ्या हातातून घेतली, तळव्यावर टिचक्या मारल्या, आणि तेव्हा कुठे ती रडली. सगळे म्हणाले, होतं असं, लहान बाळांना चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तिन्ही कामं एकदम जमत नाहीत, शिकतात हळूहळू. माझ्याकडे येणाऱ्यांनाही दोन पाय आणि तीन पेडल यांचा मेळ घालता घालता नाकी नऊ येतात, तेव्हा मी मान डोलावली. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. आणि इथे तर दूधच होतं.

"आई, एक बोलू का?" घड्याळवाली पिचकारीत माझं दूध ओतत म्हणाली. "बाळाने सोडलं नाही. तुम्ही काढलंत. दर वेळी."

"मशीन वाजत होतं!"

"वाजणारच. ते त्याचं काम आहे. ती दम खायला थांबते, आकडा जरा उतरतो, मग ती श्वास घेते आणि तो चढतो. तुम्ही तिने श्वास घ्यायच्या आतच काढता. मग थांबून श्वास घ्यायचा असतो हे तिला कळणार कसं?"

"आणि नाही घेतला तर? मी काय बघत बसू?"

"नाही घेतला तर मी आहे ना इथे. ओठांकडे बघा. ओठ गुलाबी आहेत तोवर थांबा. मशीनकडे पाठ करा हवी तर."

मला इतका राग आला! सांगायला काय जातंय, घड्याळ लावून फिरणारीला, रंग बदललेला तुझ्या मांडीवर बघितलास का, असं सगळं ओठांपर्यंत आलं. तिने माझ्या हातात पिचकारी दिली, मी हात उंच धरून उभी राहिले आणि दूध आपल्या वजनाने नळीतून खाली उतरत गेलं, शेंगच्या नाकातून तिच्या पोटात, तिच्या झोपेत, तिला न विचारता. माझा हात भरून आला तरी मी खाली घेतला नाही. तेवढंच काम होतं माझ्याकडे.

दूध काढायच्या खोलीत जुळ्यांची आई आधीच बसली होती. तिची दोन्ही बाळं आत आहेत, ती दोन्हीकडे पंप लावून मधेच डुलकी काढते. त्या खोलीचा एक नियम आहे, कोणी भिंतीवर लिहिलेला नाही, पण नवी बाई पहिल्या दिवशीच शिकते: दुसरीच्या बाटलीकडे बघायचं नाही. किती भरली, किती नाही, काही नाही. चेहऱ्याकडे बघायचं, भिंतीकडे बघायचं, खिडकीबाहेरच्या गाड्यांकडे बघायचं. बाकी काय वाटेल ते बोलावं. जुळ्यांच्या आईचं मला तिच्या सासूपासून टाक्यांपर्यंत सगळं सांगून झालंय. "तुझा पंप काय म्हणतो?" तिने विचारलं. पंपाचा घरघराट ऐकून ऐकून प्रत्येकीला त्यात काहीतरी ऐकू यायला लागतं. तिचा म्हणतो, "ऊठ गं बये, ऊठ गं बये." माझा इतके दिवस "क्लच दाब, क्लच दाब" म्हणायचा, यावर आम्ही टाके दुखेपर्यंत हसलो होतो. आज म्हटलं, "आज काही बोलत नाही. गाल फुगवून बसलाय." "मग तूच बोल," ती म्हणाली. मी तिला घड्याळवालीचं सांगितलं, फणकाऱ्याने सांगितलं, तिने माझी बाजू घ्यावी म्हणून सांगितलं. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मग? तू तुझ्या त्या नवीन मास्तरांना काय सांगतेस? मागे सांगितलं होतंस ना, पाय शेजारी ठेवायचा म्हणून?"

लोकांना आपलं बोलणं लक्षात राहतं, हा एक तापच आहे. मी पंप बंद केला. लोकांच्या पोरांना शिकवताना अक्कल पाजळायची आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी मात्र पाय पेडलवरच! पण सांगणं सोपं आहे गं, मी मनात म्हटलं. परीक्षेत नापास झालेला पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. ही कुठे पुन्हा येणार होती? पाय शेजारी ठेवायचा हे मला माहीत होतं. माहीत असून माझं बोट तिच्या ओठाकडे जात होतं, मला न विचारता जात होतं, आणि त्याला कसं अडवायचं हे मी आजवर कोणालाही शिकवलेलं नव्हतं. माझ्याकडे येणारे नवे शिकवणारे थोडे दिवस दाबतात आणि मग आपोआप थांबतात, कंटाळून म्हणा, सवयीने म्हणा. मला थोडे दिवस नव्हते. मला संध्याकाळपर्यंतचा वेळ होता.

आई बाहेरच्या बाकावर कोरडा शर्ट मांडीवर घेऊन बसली होती. तिला आत सोडत नाहीत, ती काचेच्या दारातून आल्यागेल्याला न्याहाळते आणि कोणाचं बाळ कसं आहे हे आमच्या आधी तिला कळतं. "झालं का?" "नाही." मी तिच्या आडोशाने शर्ट बदलला. ती माझा ओला शर्ट पिशवीत कोंबत म्हणाली, "तू डब्याच्या दुधावर वाढलीस. मला ताप भरला, दूध आटलं, इलाज नव्हता. काय बिघडलं तुझं? तोंड तर सगळ्या गावात तुझंच चालतं." "बिघडलं असं कोण म्हणतंय?" "मग एवढा हट्ट कशाला गं? दे बाटली, घेऊन चल पोरीला घरी. मी आहे ना." आणि मग मला बांध आवरला नाही. "आई, तिचं सगळं लोक करतात. लंगोट लोक बदलतात, वजन लोक करतात, ती रडली की आधी लोकांना कळतं. आई म्हणून हाक मारली की चार जणी वळतात, आणि मी आपली पिचकारी धरून उभी. एवढी एकच गोष्ट आहे जी तिथे दुसरं कोणी करू शकत नाही. तीही मला येत नाही. मी घाबरते. मशीन वाजलं की मी तिला ओढून काढते." आईने माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच.

"बापावर गेलीस," ती म्हणाली. मी म्हटलं, बाबा कुठे घाबरायचे? मला गाडी बाबांनीच शिकवली, त्यांच्या जुन्या खटाऱ्यात. दुसरा ब्रेक वगैरे काही नव्हता. मी अठरा वर्षांची, घाटातल्यासारखी वळणं घेत गावभर फिरवायची, आणि बाबा शेजारी बसून खिडकीबाहेर बघत शीळ घालायचे. दोन्ही हात गुडघ्यांवर. एकदा मी एका हातगाडीला घासता घासता वाचवली, तेव्हासुद्धा ते म्हणाले, "हां, आरसा बघत जा," आणि शीळ पुढे चालू. त्या शिळेवर मी गाडी शिकले. माझ्या डोक्यात शांत माणूस म्हणजे बाबा. "शांत?" आई हसायलाच लागली, बाकावरची दुसरी बाई वळून बघायला लागली. "अगं, घरी आले की पोटरीत गोळे यायचे त्यांच्या! तुला कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात उशी धरून पडायचे, आणि मी आपली तेल लावून चोळत बसायची. गाडीत त्यांच्या बाजूच्या मॅटला भोक पडलं होतं, ते कशाने पडलं वाटतं तुला?"

ते भोक मला आठवतं. बरोबर टाचेच्या पुढे, चवड्याखाली, रुपयाएवढं, खालचा पत्रा दिसायचा. मला वाटायचं गाडीच जुनी. म्हणजे माझ्या प्रत्येक वळणाला, प्रत्येक हातगाडीला तो माणूस जीव खाऊन दाबत होता, आणि खाली ब्रेक नव्हता, नुसता पत्रा. म्हणून गाडी थांबायची नाही. म्हणून मला थांबवावी लागायची. आणि हात गुडघ्यांवर, आणि शीळ. गेले बिचारे, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी आईला म्हटलं, "त्यांना भीती वाटत होती?" "वाटणारच की. पोर होतीस त्यांची," आई म्हणाली. "भीती काय, ती पोटरीत घालायची. पोरीच्या हातात कशाला द्यायची?"

पाजायची पुढची पाळी दुपारची. हात धुतले, कोपरापर्यंत. आरशात बघितलं तर डोळे लाल, पण धडधड नव्हती, रागही नव्हता. उलट एक प्रकारचा कोरडा निश्चय आला होता, नवीन गाडीत बसताना मी सीट पुढेमागे करून घेते तसा. "सिस्टर, खुर्ची जरा फिरवाल? मशीन मागे येऊ दे," मी म्हटलं. घड्याळवालीने खुर्ची फिरवली आणि स्वतः माझ्यासमोर बसली. मी चप्पल काढली. दोन्ही पावलं पायठाणावर नीट टेकवली, उजवं जरा पुढे. शेंग छातीवर आली. मी एक हात तिच्या पाठीवर ठेवला, दुसरा मानेखाली, आणि स्वतःला सांगितलं, हे दोन हात म्हणजे गुडघ्यांवरचे हात. हे हलणार नाहीत.

तिने नाक घासलं. शोधलं. तोंड उघडलं आणि धरलं. चोखलं, चोखलं, टिक्. चोखलं, टिक्. मी ओठ बघत होते. गुलाबी. नळीच्या खाली ओठाची कड दुमडलेली, गुलाबी. हनुवटी थांबली. मी थांबले. पाठीमागे मशीनने एकदा टूं केलं आणि माझा उजवा पाय खाली गेला, सगळ्या अंगाचं बळ घेऊन गेला, पायठाणाचं लाकूड करकरलं. दाब, मी पायाला म्हटलं, हवं तेवढं दाब. टूं टूं. हात तिच्या पाठीवर होता तसाच होता. बोट वळवळलं, मी त्याला तिथेच ठेवलं. शेंग माझ्या अंगाला चिकटून नुसती होती, चोखत नव्हती, श्वास घेत नव्हती, आणि माझी पोटरी दगडासारखी झाली, आणि मला शीळ घालायची होती पण ओठ कोरडे पडले होते. ओठ बघ. तिचे ओठ. कडेला जरासे फिक्कट झाले का? घड्याळवालीकडे बघितलं. ती शेंगकडे बघत होती, पुढे झुकून, हात मांडीवर मोकळे. उठली नव्हती. घे गं, मी म्हटलं, मोठ्याने म्हटलं की मनात ते आता आठवत नाही, घे गं बाई, तुझी तू घे, मी नाही घेणार तुझ्यासाठी, मला येतच नाही तुझ्यासाठी घ्यायला.

माझ्या तळव्याखाली तिची पाठ वर आली. आधी नुसती थरथरली आणि मग वर आली, भरली, सगळ्या बारीक बरगड्यांसकट. नाकातून फुस्स असा आवाज झाला, माझ्या छातीवर गरम हवा लागली. आणखी एकदा. मागचं टूं टूं मधेच तुटलं. तिने सोडलं नव्हतं. सगळा वेळ तिने मला तोंडात धरूनच ठेवलं होतं. दोन-तीन श्वास घेतले, अगदी निवांत, काही घाई नसल्यासारखे, आणि हनुवटी पुन्हा हलायला लागली. चोखलं, चोखलं, टिक्.

"हं," घड्याळवाली म्हणाली. "चालू द्या."

चालू होतं. ती थांबायची, मशीन कधी वाजायचं, कधी नाही, पाठ भरायची, पुन्हा सुरू. दर वेळी पाय खाली जायचा आणि दर वेळी खाली नुसतं लाकूड असायचं. शेवटी तिने आपल्या आपण सोडलं. मान मागे टाकली, तोंड उघडं, कोपऱ्यातून दुधाचा एक ओघळ गळ्यापर्यंत, आणि चेहरा असा की आता मला कोणी काही विचारू नका. मी तिला पुसलं नाही. तो ओघळ माझा होता, नळीतून आलेला नव्हता, मी तो पोटभर बघून घेतला. आणि मग रडले, आवाज करून रडले, पलीकडच्या दोन आया वळल्या, वळू देत.

"डॉक्टरांना मी सांगते," घड्याळवाली वायरी सारख्या करत म्हणाली. "पूर्ण पोट नाही भरलं, थोडं नळीतून देऊच. पण बाटलीची घाई नको म्हणून सांगते. बाळाला थांबता येतंय." तिने शेंगला पेटीत ठेवलं. मी उठायला गेले आणि तशीच खुर्चीच्या हाताला धरून मटकन बसले. "आई! काय झालं? टाके दुखताहेत?" "नाही नाही, टाके नाही," मी म्हटलं, आणि उजवा पाय ओढत, भिंतीला धरत बाहेर निघाले.

बाकावर आईच्या शेजारी आता हाही येऊन बसला होता. दोघं मला बघून एकदम उभी राहिली. माझा चेहरा रडून सुजलेला, पाय लंगडत होता. "शेंग..." हा एवढंच म्हणाला. "प्यायली," मी म्हटलं. "तिची ती थांबली, तिची ती प्यायली." तो पुन्हा बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आई मात्र माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती खाली बघत होती, माझ्या पोटरीकडे.

"घरी तेल आहे ना?" मी तिला विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "चल. गरम करून लावते."